आल्सासची जुनी वाइन-गावं, एप्रिलअखेर : आई माळकरी, बाबा बागायतदार. कसं जमवावं?

सातरस्ता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

धाकटा भाऊ जर्मनीत कार्ल्सरुहेला नोकरीला आहे. आई-बाबांना या वसंतात त्याच्याकडे न्यायचंय. वसंत तिकडचा, आपल्याकडे तेव्हा पारा बेचाळीसला टेकलेला असेल. बाबांची एकच अट, द्राक्षाची उन्हाळी खरड छाटणी उरकल्याशिवाय बागेतून पाय काढणार नाही. म्हणजे निघेपर्यंत एप्रिल संपत येणार.

भावाच्या घरून फ्रान्सची हद्द अगदी जवळ. मधले चार-पाच दिवस आल्सास भागातली जुनी वाइन-गावं बघू, असं त्याच्या डोक्यात आहे. रिकवीर, एगिसहाइम, कायसर्सबर्ग, रिबोव्हिले, झालंच तर कोलमार शहर. त्याने पाठवलेल्या यादीत एकेका दिवसात चार-चार गावं आहेत. वाचूनच धाप लागली.

बाबा एका पायावर तयार, उभा जन्म द्राक्षात गेलाय त्यांचा. आई मात्र म्हणते, "गळ्यात माळ घालून दारूच्या गावाला कशाला येऊ? तुम्ही जा, मी नातवाजवळ बसते."

तर मुक्काम कुठे करावा, गाडी बरी की रेल्वे, शाकाहारी माणसाने खायचं काय, आणि मुख्य म्हणजे वाइन न पिणाऱ्याला तिथे बघण्यासारखं काय आहे? मी अर्धा ग्लास घेणाऱ्यातला. भाऊ बरा घेतो.

शेंगाचटणी

काय बे सातरस्ता, अकलूजकडे मोटेवाडीला फ्रातेल्ली वाइन कंपनीची बाग आहे, युरोपातून रोपं आणून सांजोवेझे हे वाइनचं द्राक्ष लावलंय आपल्याच सोलापूर जिल्ह्यात. ते सोडून फ्रान्सला जाऊलालास?

गंभीर लोक येतीलच उत्तरं द्यायला. मी बसतो वाचत.

होटगीरोड

कामानिमित्त काही वर्षं स्ट्रासबुर्गला होतो, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

आधी भूगोल, कारण तुमच्या बाबांना तो एका वाक्यात कळेल. आल्सासच्या पश्चिमेला व्होज नावाची डोंगररांग आहे. अटलांटिककडून येणारे ढग तिच्या पलीकडच्या उतारावर रिकामे होतात आणि अलीकडे कोलमारला वर्षाकाठी जेमतेम सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. फ्रान्समधल्या सगळ्यात कोरड्या शहरांत त्याची गणना होते. सह्याद्री आणि सोलापूर यांचं जे नातं, तेच व्होज आणि कोलमारचं. हवा कोरडी, म्हणून वेलीला मानवते. ही सगळी गावं त्या डोंगराच्या पायथ्याला एका माळेत बसलीत. उत्तरेला मार्लेनहाइमपासून दक्षिणेला थानपर्यंत सुमारे १७० किलोमीटरचा 'वाइन रस्ता' १९५३ मध्ये आखला गेला. अख्खा करायच्या भानगडीत पडू नका. कोलमारच्या आजूबाजूचा वीस-पंचवीस किलोमीटरचा तुकडा चार दिवसांना भरपूर आहे.

मुक्काम कोलमारला, एकाच ठिकाणी. वयस्क माणसांना घेऊन रोज बॅगा बांधणं म्हणजे सहलीचं मातेरं. कार्ल्सरुहेहून स्ट्रासबुर्ग रेल्वेने पाऊण तासाच्या आतबाहेर, तिथून कोलमार अर्धा तास. स्टेशनजवळ हॉटेल घ्या, जुनं गाव तिथून पायी जाण्यासारखं आहे.

आता गावं. रिकवीर सगळ्यात देखणं, म्हणून गर्दीही तिथेच. तटबंदी दुहेरी आहे आणि वरच्या टोकाला डोल्डर नावाचा बुरूज आहे, १२९१ चा. आतली बहुतेक घरं सोळाव्या-सतराव्या शतकातली, लाकडी चौकटीत माती-चुना भरून बांधलेली. दारांच्या कमानींवर साल कोरलेलं असतं आणि मालकाच्या धंद्याची खूण असते. आईंना ती सालं वाचत चालायला सांगा, तासभर कुठे गेला कळणार नाही. हुगेल नावाचं वाइन करणारं घराणं तिथे १६३९ पासून आहे. मात्र सकाळी नऊच्या आत पोचा. एकदा पर्यटकांच्या बसगाड्या रिकाम्या व्हायला लागल्या की त्या मुख्य गल्लीत पुढच्याची पाठ सोडून काही दिसत नाही.

एगिसहाइमच्या गल्ल्या मधल्या गढीभोवती गोल गोल फिरतात, एकाबाहेर एक अशी वर्तुळं. त्यामुळे हरवायची सोय नाही, आई-बाबांना मोकळं सोडा. पोप नववा लिओ इथला, जन्म १००२ चा. कायसर्सबर्गला नदीवर तटबंदी केलेला दगडी पूल आहे. अल्बर्ट श्वाइट्झर यांचा जन्म त्या गावातला, १८७५ चा. आफ्रिकेत लांबारेनेला दवाखाना चालवणारे, शांततेचं नोबेल मिळालेले तेच.

रिबोव्हिलेच्या डोक्यावर तीन पडके किल्ले आहेत. चढण दमवणारी आहे, ज्येष्ठांनी खालूनच बघावेत.

या यादीत तुर्कहाइम नाही, आणि मला विचाराल तर तेच हवं. कोलमारहून छोटी रेल्वे थेट तिथे जाते, वेशीतून आत शिरलं की गाव सुरू. दुकानदारी कमी, माणसांचा वावर जास्त. १ मेपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत रोज रात्री दहाला कंदील आणि भाला घेतलेला रात्रीचा पहारेकरी गावात फेरी मारतो आणि जुनी गाणी म्हणतो. तुमच्या तारखा मेमध्ये सरकल्या तर ते चुकवू नका.

आडवाटेचा_प्रवासी

आल्सास छान आहे, पण फार चकचकीत. जुनी वाइन-गावंच बघायची तर जर्मनीतच मोझेल नदीच्या काठाने जा की. बर्नकास्टेल-कूस, कोखेम, बाइलश्टाइन. ब्रेम गावाजवळ काल्मोंट नावाचा उतार आहे, सुमारे ६५ अंशांचा, आणि त्यावर द्राक्षाची लागवड! माणसं दोर धरल्यागत काम करतात. इतिहास म्हणाल तर नॉयमागेनला रोमन काळातलं वाइनचं जहाज दगडात कोरलेलं सापडलं, साधारण इ.स. २२० चं. मूळ शिल्प त्रिअरच्या संग्रहालयात ठेवलंय. आल्सासची घरं त्यापुढे पोरसवदा.

होटगीरोड

@आडवाटेचा_प्रवासी, मोझेलबद्दल दुमत नाही. पण नदी नागमोडी आहे, शेजारचं गाव गाठायलाही वळसे फार. चार दिवसांत, आई-बाबांबरोबर, कोलमारभोवतालची दाटी बरी पडते. एका गावाच्या वेशीतून पुढच्या गावाच्या चर्चचा मनोरा दिसतो.

पूर्वभाग

मी दोन्हीकडे गेलेलो नाही, फोटो बघितलेत. खरं सांगू का, मला ती गावं शूटिंगसाठी सेट लावल्यासारखी वाटतात. खिडकीत एकसारखी लाल फुलं, भिंतींना मिठाईच्या दुकानासारखे रंग. माणसं कुठे राहतात त्यात? आणि युरोपात दोन महायुद्धं झाली, ही गावं इतकी तुळतुळीत कशी राहिली?

होटगीरोड

हा प्रश्न फार बरा विचारला.

तुळतुळीत राहिली ती थोडीच. १९४४ च्या हिवाळ्यात कोलमारभोवती जर्मन सैन्य अडकून पडलं होतं. अमेरिकन आणि फ्रेंच फौजांनी वेढा घातला, डिसेंबर ते फेब्रुवारी घनघोर लढाई झाली, आणि २ फेब्रुवारी १९४५ ला कोलमार सुटलं. त्या दोन महिन्यांत बेनवीर, मिटेलवीर, सिगोल्सहाइम, आमर्शवीर ही गावं जवळजवळ जमीनदोस्त झाली. रिकवीर त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर, ते वाचलं. त्यामुळे रिकवीर बघितलं की तीन-चार किलोमीटरवरच्या बेनवीरला जा. साधी, पन्नाशीच्या दशकातली घरं, सिमेंटचं चर्च, रंगीत काचांची मोठी भिंत. एकही बस थांबलेली नसते. वाइन मात्र तेव्हाही होत होती, आजही होते. रिकवीर बघून बेनवीर न बघणाऱ्याला त्या भागाचं अर्धंच कळतं, असं माझं मत.

सिगोल्सहाइमच्या टेकडीवर फ्रेंच सैन्याचं दफनस्थान आहे, दीड हजारांवर थडगी. त्यांत उत्तर आफ्रिकेतून आणलेल्या मुसलमान सैनिकांचीही बरीच आहेत. चारी बाजूंना द्राक्षाच्या ओळी. गाडी असेल तर जरूर जा.

आणि माणसांचं म्हणाल, तर १८७१ ला हा मुलूख फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला, १९१८ ला परत फ्रान्सकडे, १९४० ला नाझींनी गिळला, १९४५ ला पुन्हा फ्रान्स. जागेवरून न हलता एकाच माणसाने चार वेळा राज्य बदललेलं पाहिलंय. म्हणून गावांची नावं जर्मन, कारभार फ्रेंच, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी तिसरीच बोली.

पूर्वभाग

हे कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. सेट म्हटलेलं मागे घेतो, निदान अर्धं.

आमचा धंदा कापडाचा, म्हणून विचारतो, त्या बाजूला कापडाचं काही आहे का?

होटगीरोड

आहे तर! कोलमारच्या दक्षिणेला म्युलूझ. तिथे छापील कापडाचं संग्रहालय आहे. सतराव्या शतकात हिंदुस्थानी छिटाचं युरोपला वेड लागलं होतं. फ्रान्सने १६८६ ला त्यावर बंदी घातली, आपल्या विणकरांचं पोट जाऊ नये म्हणून. म्युलूझ तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, स्वित्झर्लंडशी जोडलेलं स्वतंत्र नगरराज्य होतं. १७४६ ला तिथे नकली छीट छापायचा पहिला कारखाना निघाला आणि गाव बघता बघता गिरणगाव झालं. १७९८ ला फ्रान्समध्ये सामील. जुन्या मिलच्या चिमणीखाली वाढलेल्या सोलापूरकराने हे बघायलाच पाहिजे. पण सातरस्ता, तुमच्या चार दिवसांत कोंबू नका.

बागायतदार_नान्नज

द्राक्ष उत्पादकांच्या अभ्यासदौऱ्यात मी कोलमारच्या बाजूला जाऊन आलोय. वडिलांसाठी लिहितो. वाइन बाजूला ठेवा, बागेवर बोलू.

पहिली गोष्ट, बाबा एप्रिलअखेर जातायत म्हणजे अगदी मोक्यावर जातायत. तिकडे वेल हिवाळाभर पूर्ण झोपलेली असते, पान नाही, काही नाही. जानेवारी ते मार्चमध्ये त्यांची एकच छाटणी. एप्रिलमध्ये डोळे फुगून फुटतात. तुम्ही पोचाल तेव्हा कोवळे फुटवे चार-सहा पानांवर असतील. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी बाग जशी दिसते, तशी. फुलोरा जूनमध्ये, तोडणी सप्टेंबरच्या आसपास. आपल्याकडे झोपायला थंडीच नाही म्हणून वर्षात दोन छाटण्या करून एक पीक घ्यावं लागतं, हे त्यांना सांगितलं तर ते तोंडात बोट घालतात. बाबांनी फोनमध्ये खरड छाटणीचे फोटो ठेवावेत. भाषेची अडचण राहत नाही.

दुसरी गोष्ट, त्यांचं संकट. आपल्याला अवकाळी आणि गारपीट, त्यांना एप्रिलची गोठवणारी पहाट. फुटवे बाहेर आले आणि एका रात्रीत तापमान शून्याखाली गेलं की माल गेला. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर असंच झालं. कुठे ओळींमध्ये मोठाल्या मेणबत्त्या पेटवतात, कुठे पंखे लावतात. मेच्या ११ ते १३ या तारखा उलटल्या की थंडीचा धोका टळला, असं जुने लोक धरून चालतात. त्याआधी कुणी शेतकरी मोकळा हसत नाही.

तिसरी, खुंट, म्हणजे कलमाखालचा मुळाचा भाग. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फायलोक्झेरा नावाची मुळं खाणारी बारीक कीड युरोपात शिरली आणि बागाच्या बागा साफ झाल्या. शेवटी उपाय निघाला तो अमेरिकन खुंटावर युरोपियन वाणाची कलमं बांधायचा. आपण डॉगरीज खुंट वापरतो तो पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी. युक्ती तीच, दुखणं वेगळं. कुठल्याही बागेत खोडाशी वाकून बघा, कलमाची गाठ दिसेल.

चौथी ऐकून बाबा बहुतेक भांडतील. उत्पादनावर कायद्याने मर्यादा आहे. साध्या पांढऱ्या आल्सास वाइनला हेक्टरी ८० हेक्टोलिटरच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशोबात एकरी चार टन द्राक्षं. त्यातही 'ग्राँ क्रू' (सर्वांत वरचा दर्जा) म्हणून ५१ उतार नावानिशी ठरवून दिलेत, तिथे मर्यादा आणखी खाली. आपण एकरी दहा-बारा टन काढणारे, आपल्याला हे वेडेपण वाटतं. पण त्यांना मणी मोठा नकोच आहे. मणी फुगवायला जीएची (जिबरेलिक ॲसिडची) बुडवणी नाही, विरळणीचा तो सगळा खटाटोप नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खाऊन बघितलं तर आपण थुंकू. आमच्या नान्नजने सोनाका दिली, शरद सीडलेस दिली, सगळी खायची आणि बेदाण्याची. ते पीक निराळं, हे निराळं.

बघायचं एकच ठिकाण सांगायचं झालं तर कायसर्सबर्ग शेजारचा श्लॉसबर्ग. ग्राँ क्रू म्हणून पहिल्यांदा मान्यता मिळाली ती याच उताराला, १९७५ मध्ये. कातळाची जमीन, दगडी बांध घालून पायऱ्या केल्यात. मधून पायवाट जाते, कुणी अडवत नाही. बांध कसे रचलेत ते बाबांना दाखवा.

शेंगाचटणी

बागायतदार, एकरी चार टन ऐकून आमचे मामा म्हणले, "मग कर्ज कसं फेडतेत?"

बागायतदार_नान्नज

@शेंगाचटणी, बाटली करून स्वतः विकतात म्हणून. बहुतेक घरांत बाग, तळघर, बाटली भरणं, दुकान, सगळं एकाच छपराखाली. १९७२ पासून आल्सास वाइन त्याच भागात बाटलीत भरायची सक्ती आहे, टँकरने बाहेर नेऊन कुणी भरू शकत नाही. ज्यांना एकट्याने जमत नाही त्यांच्या सहकारी संस्था आहेत. रिबोव्हिलेची १८९५ ची, फ्रान्समधली सर्वांत जुनी म्हणून सांगतात. कारखान्याच्या राजकारणात वाढलेल्या माणसाने तिथे जाऊन वाटपाचा हिशोब विचारावा. मी विचारला. द्राक्षातल्या साखरेवर भाव ठरतो, नुसत्या वजनावर नाही.

कडकभाकरी

धाग्यात आईंचा प्रश्न मागेच पडला. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. त्याही माळकरी.

खाण्याचं सांगते. फ्लामक्यूश म्हणून पातळ भाकरीवर आंबटसर साय आणि कांदा लावून भट्टीत भाजतात. त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे, ते न घालता करून देतात, पण मागवताना दोनदा सांगा आणि ताटात आल्यावर आधी तुम्ही बघा, मग त्यांना द्या. एप्रिल-मे हा पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा हंगाम, जिकडेतिकडे मिळतात, उकडून लोण्याबरोबर. मुन्स्टर चीजचा वास सासूबाईंना सोसला नाही. शिवाय ते बहुधा वासराच्या जठरातलं विरजण घालून करतात, कडक पाळणाऱ्यांनी टाळावं. कुगलहॉफ म्हणून उंच साच्यातला गोड पाव फार सुंदर दिसतो. त्यात बेदाणे असतात, आणि ते पुष्कळदा चेरीच्या दारूत भिजवलेले असतात! विचारून घ्या. अंडं तर असतंच.

बॅगेत कडक भाकरी, शेंगाचटणी, मेतकूट बिनधास्त न्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. एकादशी कधी येते ते कालनिर्णयात आधी बघा. साबुदाणा तिथल्या साध्या दुकानात सापडायचा नाही. शेंगदाणे आणि राजगिऱ्याचे लाडू जवळ असले की काळजी नाही.

वाइनच्या तळघरात आम्ही दोघी गेलो होतो. ओक लाकडाची पुरुषभर उंचीची पिंपं, त्यांच्या तोंडावर कोरीव काम, आत गार हवा. सासूबाईंनी पिंपांवरचं कोरीव काम हात लावून बघितलं. प्यायची कुणी सक्ती करत नाही. कित्येक बागायतदार साधा द्राक्षरसही ठेवतात, 'जू द रेझां' म्हणून मागा. तोच त्यांनी घेतला आणि दुसराही मागितला.

डॉ_नवीपेठ

आईंना कोलमारच्या उंटरलिंडन संग्रहालयात न्याच. तेराव्या शतकातला जोगिणींचा मठ, त्यातच संग्रहालय आहे. तिथे इझेनहाइमची वेदी म्हणून ग्र्यूनेवाल्डने १५१२ ते १५१६ मध्ये रंगवलेला मोठा चित्रसंच आहे. जगभरातून लोक तेवढ्यासाठी येतात.

तो काढला होता एका रुग्णालयासाठी. इझेनहाइमच्या मठात अंगाची आग होणारे, हातपाय काळे पडून गळणारे रोगी ठेवत. कारण होतं राय धान्यावरची अरगट बुरशी. आपल्याकडच्या लोकांना हा शब्द नवा नाही, बाजरीच्या कणसावर पडतो तो अरगट त्याच कुळातला. बी पेरण्याआधी मिठाच्या २० टक्के पाण्यात बुडवून तरंगणारं काढून टाकतात ते यासाठीच. तेव्हाच्या युरोपला कारण ठाऊक नव्हतं. चित्रातल्या ख्रिस्ताच्या अंगभर जखमा आहेत, आणि एका फळीवर फोडांनी भरलेला, पोट फुगलेला एक जीव कोपऱ्यात पडलाय. रोग्यांना त्यासमोर आणून बसवत. देवालाही आपल्यासारखंच दुखतंय, हे त्यांना दिसावं म्हणून. वारीतल्या माणसाला ते समजवावं लागणार नाही.

जाता जाता, स्ट्रासबुर्गला रुग्णालयाच्याच तळघरात वाइन साठवायची पद्धत १३९५ पासून आहे. रोगी उपचारांच्या बदल्यात जमीन, बागा देऊन जात. तिथे १४७२ सालच्या वाइनचं एक पिंप अजून आहे. शेवटचा घोट १९४४ मध्ये शहर मुक्त करणाऱ्या जनरल लक्लेरना दिला, असं सांगतात. तळघर बघता येतं. व्यवसायबंधू म्हणून मला फार हेवा वाटला.

सातरस्ता (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला डॉक्टरांचा आणि कडकभाकरींचा प्रतिसाद वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शतावरी कशी लागते?" म्हणजे येतेय.

भावाशी बोलून असं ठरवतोय. मुक्काम कोलमार. पहिला अर्धा दिवस गाव आणि उंटरलिंडन. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी रिकवीर, तिथून बागांतून चालत हुनावीरच्या तटबंदीच्या चर्चपर्यंत, पुढे जमलं तर रिबोव्हिले. तिसऱ्या दिवशी कायसर्सबर्ग, श्लॉसबर्गची पायवाट, सिगोल्सहाइम, बेनवीर. चौथ्या दिवशी आराम, संध्याकाळी तुर्कहाइम. एगिसहाइम आई-बाबांच्या पायांवर सोडलंय. परतताना स्ट्रासबुर्गचं तळघर. गाडी तिसऱ्या दिवसापुरती भाड्याने.

तारखा ३० एप्रिल ते ४ मे धरतोय. काही चुकतंय का?

होटगीरोड

बाकी झकास. हुनावीरचा रस्ता निवडलात हे उत्तम, रिकवीरहून दोन किलोमीटरच्या आसपास, चढउतार बेताचा. ते चर्च द्राक्षाच्या मधोमध टेकाडावर आहे, भोवती बुरूजवाला कोट, आणि कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघंही तीच इमारत वापरतात, कित्येक पिढ्या.

तारखांत मात्र खोट आहे. १ मेला तिथे कडकडीत बंद. संग्रहालय, दुकानं, बहुतेक हॉटेलांची स्वयंपाकघरंही. तुमचा रिकवीरचा दिवस त्यावरच येतो. नुसतं चालायला तो दिवस वाईट नाही, पण जेवण सोबत बांधून न्या, आणि तळघर बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशी. ८ मेलाही सुट्टी असते. रविवारी गावागावांच्या बस फार कमी, पुष्कळ बागायतदार दारही उघडत नाहीत. तळघराला जायच्या आधी फोन किंवा ईमेल करावा, चार माणसं अचानक दारात उभी राहिलेली त्यांना आवडत नाहीत.

सकाळी पाच-सात अंश असू शकतं. सोलापूरच्या मेमधून थेट जाताय, आईंना कानटोपी आणि बाबांना स्वेटर हातातल्या बॅगेत.

आडवाटेचा_प्रवासी

गाडीच्या दिवशी चालवणाऱ्याने चाखायचं नाही. फ्रान्समध्ये मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम आहे, दोन-तीन ठिकाणचे घोट त्याला पुरतात. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, तिकडे त्याचं कुणाला वावगं वाटत नाही. आणि भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंतच चालतं. माळकरी आईंच्या वाट्याचे दोन लिटर भाऊ मागेल, तेवढं सांभाळा.

व्हिसाची अपॉइंटमेंट आत्ताच घ्या. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि ३० हजार युरोचा प्रवास विमा लागतोच. जास्त रात्री जर्मनीत आहेत, म्हणून अर्ज जर्मनीकडे करायचा, फ्रान्सकडे नाही.

शेंगाचटणी

गंभीर एक लिहू का? तिथे छपरांवर करकोच्यांची घरटी असतात म्हणे, खरंय का?

होटगीरोड

खरंय, आणि एप्रिल-मेमध्ये पिल्लं असतात घरट्यांत. १९७० च्या दशकात तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या उरल्या होत्या. पिंजऱ्यात वाढवून, सोडून, पुन्हा वाढवल्या. आता चर्च म्हणू नका, चिमणी म्हणू नका, सगळीकडे. हुनावीरला त्यांचं केंद्र आहे.

बागायतदार_नान्नज

आमच्या माळढोकचं नाव घेऊन कुणीतरी तिथे जाऊन शिकून या.

@सातरस्ता, एक राहिलं. बाबा बागायतदार आहेत म्हणून स्पष्ट सांगतो. चांगली वेल दिसली की आपल्या लोकांचा हात खिशातल्या कात्रीकडे जातो. रिस्लिंग या वाइनच्या वाणाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचा विचार त्यांच्या मनात येणार, माझ्याही आला होता. आणू देऊ नका. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, विमानतळावर पकडलं तर जप्त. आणि फायलोक्झेरा युरोपात शिरला तो असाच, रोपांबरोबर.

सातरस्ता (धागाकर्ता)

@बागायतदार_नान्नज, आत्ताच बाबांना विचारलं. म्हणाले, "एकच काडी आणणार होतो." कात्री घरी ठेवायला लावतो. तारीख ५ मेपासून पुढे ढकलतोय, ८ ची सुट्टी चालण्याच्या दिवसावर घेतो. हॉटेल मिळालं की इथेच कळवतो.